ऑपरेशन अवघड, म्हणजे नेमकं कुठे?

दादाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ‘मेल्ड १९’ असं लिहून भोवती गोल केला होता. लिव्हर उजव्या बरगड्यांखाली असतं आणि दारूला कधी न शिवलेल्या माणसाचंही लिव्हर मधुमेहाने नि चरबीने आक्रसून जाऊ शकतं, एवढंच मला तोवर कळलं होतं. बाकी पाटी कोरी. पण सगळी नोकरी बँकेत झालेली, त्यामुळे आकडा दिसला की धीर येतो. ही मोजपट्टी ६ पासून ४० पर्यंत जाते हे समजल्यावर मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना विचारलं, ‘‘म्हणजे ऑपरेशन मध्यम अवघड म्हणायचं ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ताई, दादा किती आजारी आहेत ते हा आकडा सांगतो. ऑपरेशन किती अवघड आहे, ते यात नाही.’’

मग हा मेल्ड आहे तरी काय, ते शोधत बसले. लांबलचक इंग्रजी नावाचं हे आद्याक्षरी रूप. मी माझ्यापुरतं त्याचं मराठी केलं : ‘लिव्हर शेवटच्या टप्प्याला आल्याचा हिशेब’. रक्तातलं बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर, या तीन गोष्टींवरून तो काढतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तो तयार झाला. लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमधला दाब उतरवण्यासाठी लिव्हरमधून जाळीदार नळी बसवतात, त्या पेशंटांपैकी कोण किती टिकेल याचा अंदाज घ्यायला. पुढे २००२ पासून तिकडे लिव्हरच्या प्रतीक्षायादीत कुणाचा नंबर आधी हे ठरवायला तो वापरू लागले. नंतर त्यात सोडियम आलं, आणि अलीकडच्या रूपात अल्ब्युमिन आणि पेशंट स्त्री आहे की पुरुष हेही धरतात. ट्रान्सप्लांट झालं नाही, तर पुढच्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका, या एकाच प्रश्नाचं उत्तर हा आकडा देतो. सर्जनच्या हातातल्या कामाचा त्यात कुठेच उल्लेख नाही, हे मला त्या रात्री उमगलं.

फाइलमध्ये आणखी एक शेरा होता, ‘चाइल्ड सी, १०’. हा मेल्डपेक्षा जुना तक्ता. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कोट यांनी मांडलेला आणि १९७३ मध्ये प्यू यांनी सुधारलेला. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरची झापड, या पाचांना प्रत्येकी एक ते तीन गुण. बेरीज पाच-सहा आली तर ए, सात ते नऊ बी, दहापासून पुढे सी. मला वाटलं, सापडलं, हाच ऑपरेशनचा आकडा. कारण पोर्टल व्हेनचा दाब कमी करणाऱ्या शस्त्रक्रियांसाठीच तो मुळात निघाला होता. राउंडला आलेल्या ज्युनिअर डॉक्टरांनी समजावलं की त्यातून पेशंटला ऑपरेशन कितपत सोसेल ते कळतं. करणाऱ्याला ते किती जड जाईल, हा वेगळा प्रश्न.

तो वेगळा प्रश्न किती वेगळा, हे शेजारच्या खाटेमुळे कळलं. तिथे एक तरुण होता. महिन्यापूर्वीपर्यंत ठणठणीत, मग काविळीचं निमित्त झालं आणि लिव्हर एकदम बंद पडत चाललं. डोळे हळदीसारखे पिवळे, आईलाही ओळखेना. मेल्ड ३४. त्याची बहीण डोनर. त्याच्या आईकडे बघून पोटात कालवायचं, आणि आपला दादा निदान बसून चहा पितोय याचं समाधानही वाटायचं. मोठे सर्जन आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, ‘‘त्या मुलाचं ऑपरेशन फारच कठीण असणार.’’ ते म्हणाले, ‘‘त्याला वाचवणं कठीण आहे. पण त्याचं लिव्हर बाहेर काढणं तुमच्या दादांचं लिव्हर काढण्यापेक्षा सोपं जाईल.’’

माझा चेहरा बघून त्यांनी संध्याकाळी सीटी स्कॅन दाखवायला बोलावलं. मी आणि पुतण्या ओंकार, दोघं गेलो. सर्जन माउसचं चाक फिरवत होते आणि दादाचं पोट थराथराने वर-खाली सरकत होतं. मला आधी काहीच दिसेना. करड्या रंगात करडे ठिपके. मग त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. ‘‘ही पोर्टल व्हेन. आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर. औषध सोडल्यामुळे ती पांढरी दिसायला हवी. आता ही कडेची राखाडी चकती बघा.’’ ती रक्ताची गुठळी होती. शिरेची अर्ध्याहून अधिक वाट तिने अडवली होती. या गुठळीच्याही पायऱ्या आहेत. २००० साली येर्डेल आणि सहकाऱ्यांनी त्या मांडल्या आणि सर्जन आजही त्याच बोलतात. अर्ध्यापेक्षा कमी वाट अडली तर पहिली, अर्ध्याहून जास्त किंवा पूर्ण अडली तर दुसरी. गुठळी खाली आतड्यांच्या मोठ्या शिरेच्या तोंडापर्यंत उतरली तर तिसरी. आणि ती शीरसुद्धा खालपर्यंत बुजलेली असली तर चौथी. दादा दुसऱ्या पायरीवर. नव्या लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच शिरेतून येतो. तिथे जोडायला चांगला प्रवाहच नसेल, तर उत्तम डोनर मिळूनही उपयोग नाही. माझ्या तीन आकड्यांच्या हिशेबात या शिरेचं नावसुद्धा नव्हतं.

गुठळीच्या भोवती गांडुळांसारख्या वळवळत्या पांढऱ्या रेघा होत्या. ओंकारने विचारलं, ‘‘हे काय?’’ सर्जन म्हणाले, ‘‘कऱ्हाडहून पुण्याला येताना खंबाटकी घाट बंद असला, तर गाड्या काय करतात? मिळेल त्या गावातल्या वाटेने निघतात. रक्तही तेच करतं.’’ दगडासारख्या झालेल्या लिव्हरमधून रक्त पुढे सरकत नाही, म्हणून ते जठराच्या, अन्ननलिकेच्या, पोटाच्या पडद्याच्या बारीक शिरांमधून वाट काढतं. त्या शिरा फुगतात, त्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ होतात, आणि लिव्हर सोडवताना यातल्या प्रत्येकीला गाठून बांधावी लागते. शेजारच्या मुलाच्या पोटात हे जाळं जवळपास नव्हतंच. त्याचं लिव्हर महिन्याभरात बिघडलं होतं आणि अशा वाटा तयार व्हायला वर्षं लागतात. दादाला गेल्या वर्षी रक्ताची उलटी झाली होती, एंडोस्कोपीतून फुगलेल्या शिरांचं बँडिंग केलं होतं. त्या उलटीचा आणि येऊ घातलेल्या ऑपरेशनच्या अवघडपणाचा उगम एकच आहे, हे तेव्हा जुळलं.

दुसऱ्या दिवशी सर्जननी दादाला उताणं झोपवून शर्ट वर करायला सांगितला. उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा तिरका व्रण आहे. तीसेक वर्षांपूर्वीचा, पोट उघडून केलेला. घरात आम्ही तो विसरूनही गेलो होतो. सर्जननी दोन बोटांनी व्रणावरची कातडी हळूच हलवून पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्यावर ती सरकेना. ‘‘पहिले दोन तास माझे इथे जाणार,’’ ते म्हणाले. पोटात एकदा हात गेला की आतडी, पडदा, लिव्हर एकमेकांना चिकटतात. याला ते ॲडहेजन म्हणतात, आपण चिकटे म्हणू. निरोगी माणसात हे चिकटे कोरडेपणाने सुटतात. सिरोसिसच्या, म्हणजे दादासारखं लिव्हर आक्रसलेल्या पेशंटमध्ये त्या चिकट्यांमध्येही फुगलेल्या शिरा वाढलेल्या असतात, म्हणून प्रत्येक चिमटीला रक्त.

या एका व्रणाचं एवढं काय, असं मला वाटत होतं. मग जगातल्या पहिल्या मानवी लिव्हर ट्रान्सप्लांटबद्दल वाचलं. १ मार्च १९६३, डेन्व्हर, डॉ. थॉमस स्टार्झल. पेशंट तीन वर्षांचा मुलगा, जन्मतः पित्तनळ्या नसलेला, आधी पोटावर ऑपरेशनं झालेला. तो टेबलावरच गेला, रक्तस्राव थांबवता आला नाही. आधीचे चिकटे, दाबाने फुगलेल्या शिरा आणि न गोठणारं रक्त. साठ वर्षं उलटून गेली, तंत्र कुठल्या कुठे गेलं. तरी आमचे सर्जन सीटीवर आणि दादाच्या पोटावर यातल्याच पहिल्या दोन गोष्टी शोधत होते.

मुलांच्या वॉर्डाबाहेर नांदेडकडची एक आई भेटायची. तिच्या बाळालाही हाच आजार, बिलियरी अट्रेसिया. दोन महिन्यांचं असताना त्याचं कसाई ऑपरेशन झालं होतं. हे नाव ऐकून मी दचकले होते. ते जपानच्या डॉ. मोरिओ कसाई यांचं आडनाव आहे. आतड्याचा एक वेढा थेट लिव्हरच्या देठाला जोडतात. ते पुरेसं चाललं नाही, म्हणून आता ट्रान्सप्लांट. बाळ सहा किलोचं. मोठ्या माणसात लिव्हर कमी पडेल ही चिंता, इथे उलट. आईच्या लिव्हरचा डाव्या टोकाचा तुकडासुद्धा या पोटाला मोठा होणार. तुकडा बाळाच्या वजनाच्या चार टक्क्यांहून जड नसावा असा डॉक्टरांचा आडाखा, म्हणजे २४० ग्रॅम, आणि आईचा तुकडा २६० ग्रॅमच्या आसपास भरत होता. तो आणखी तासून पातळ करावा लागणार होता. शिवाय जी धमनी जोडायची ती दोन-तीन मिलिमीटरची, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने. ती माउली मला म्हणाली, ‘‘एवढुसं लेकरू, ऑपरेशनही छोटंच असंल असं वाटलं होतं बघा.’’ मलाही तसंच वाटलं होतं.

सर्जनना मी एकदा धीर करून विचारलं, की या सगळ्याची बेरीज करून एक आकडा का काढत नाहीत? त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, दुर्बिणीतून लिव्हरचा तुकडा काढण्याच्या ऑपरेशनसाठी तशी पट्टी आहे. जपानमधल्या सर्जननी २०१४ मध्ये मांडली. गाठ कुठल्या भागात, केवढी, मोठ्या शिरेच्या किती जवळ, किती भाग काढायचा आणि उरलेलं लिव्हर कसं, यावरून १ ते १० गुण. नवशिक्याने कमी गुणांपासून सुरुवात करायची. ट्रान्सप्लांटमध्ये आकडे पुष्कळ आहेत, पण बहुतेक ‘पेशंट पुढे जगेल का’ हे सांगणारे. उदाहरणार्थ ‘बार’ स्कोअर : मेल्ड, पेशंटचं वय, डोनरचं वय, लिव्हर बर्फात किती तास होतं, आधी ट्रान्सप्लांट झालंय का, पेशंट व्हेंटिलेटरसारख्या आधारावर आहे का. हातांना काम किती जड जाईल हे सांगणारी, सगळीकडे सर्रास चालणारी एकच पट्टी नाही. म्हणून अभ्यास करणारे मागून मोजतात. किती तास लागले, किती रक्त गेलं, किती बाटल्या चढवल्या. मग मागे जाऊन बघतात, की आधीच्या कुठल्या खुणा या आकड्यांशी जुळत होत्या. जुना व्रण, गुठळी, दुसऱ्यांदा होणारं ट्रान्सप्लांट अशा खुणा त्यात येतात. अवघडपणाचा खरा हिशेब ऑपरेशन संपल्यावर लागतो, आणि तो आधी मांडायचा असतो सर्जनला.

इतके दिवस मी दादाच्याच पोटाचा विचार करत होते. वहिनींचं नाव फक्त ‘डोनर’ म्हणून फाइलीत होतं. त्यांच्या सीटीवरून कॉम्प्युटरने लिव्हरचं आकारमान काढलं, ९८० मिलिलिटर. उजवा भाग ६३०, डावा ३५०. एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम धरतात. पेशंटच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के लिव्हर मिळावं असा सर्वसाधारण नियम. मी कॅल्क्युलेटर काढला. दादाचं वजन ७८ किलो, उत्तर जेमतेम ०.८१. छातीत धस्स झालं. कोऑर्डिनेटर मॅडमनी ७८ खोडून ७२ लिहिलं. बाकीचे सहा किलो पोटातलं पाणी, त्याला लिव्हर लागत नाही. मग ०.८७५. आणि वहिनींकडे उरणार होतं सुमारे ३५ टक्के. निदान ३० तरी उरलं पाहिजे. त्याखाली डोनरला हात लावत नाहीत.

वहिनींच्या एमआरआयमध्ये आणखी एक निघालं. उजव्या भागातून पित्त आणणाऱ्या नळ्या एकत्र न येता दोन वेगवेगळ्या तोंडांनी उघडत होत्या. म्हणजे दादाच्या बाजूला दोन जोड, आणि जितके जोड जास्त तितकी पित्त गळण्याची किंवा पुढे नळी आकसण्याची भीती जास्त. माणसामाणसांत या नळ्या आणि धमन्या वेगळ्या असतात. मिशेल्स यांनी २०० शरीरं तपासून धमन्यांचे दहा प्रकार नोंदवले आणि पुस्तकातल्या चित्रासारखी रचना त्यांना जेमतेम निम्म्यांहून थोड्या अधिक जणांत सापडली. मी विचारलं, की मग वहिनींचं ऑपरेशन अवघड म्हणायचं का? सर्जन खुर्चीत पुढे सरकले. ‘‘पेशंटचं ऑपरेशन अवघड असलं तरी करावं लागतं, कारण दुसरा मार्ग नसतो. डोनरचं अवघड वाटलं तर मी ते करत नाही. त्यांना काहीही झालेलं नाही.’’ उजवा भाग देणाऱ्यांमध्ये जिवाचा धोका दोनशे ते पाचशेत एक, हे त्यांनी वहिनींना समोर बसवून, दादा खोलीत नसताना सांगितलं. ‘‘सही केल्यावरही, टेबलावर जाईपर्यंत नको म्हणता येतं. आम्ही कारण कुणालाही सांगत नाही,’’ असंही. पित्तनळ्यांचा त्रास दादाच्या वाट्याला येणार होता, वहिनींच्या नाही, म्हणून बेत पुढे गेला. या सगळ्या काळात वहिनींना काय वाटतंय हे मी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘भीती वाटतीय वन्सं. पण ठरलंय.’’

भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं त्यामानाने थोडक्यात झालं, तरी एक गोष्ट मनात बसली. दादाचा आयएनआर वाढलेला, म्हणजे रक्त पातळ, एवढं मी पाठ केलं होतं. त्यांनी सांगितलं, की सिरोसिसमध्ये रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी, दोन्ही प्रकारची प्रथिनं कमी होतात. म्हणून आयएनआर जास्त असूनही आत गुठळी होऊ शकते. दादाची झालीच होती. ऑपरेशन चालू असताना ते रक्ताच्या थेंबाची गोठण्याची क्रिया यंत्रावर आलेखासारखी बघतात आणि त्यावरून काय द्यायचं ठरवतात. त्यांचा कसोटीचा क्षण सर्जनहून निराळा. नव्या लिव्हरच्या शिरांवरचे चिमटे काढले, की आतलं थंड, आम्लयुक्त रक्त हृदयाकडे धावतं. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब ३० टक्क्यांहून जास्त घसरून मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला वेगळं नाव आहे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभी असलेली माणसं दोन वेगवेगळ्या अवघडपणांची वाट बघत असतात.

ऑपरेशनच्या दिवशी शेजारशेजारची दोन थिएटरं. वहिनींना आधी नेलं, मग दादाला. दादाचं पोट उघडून सगळं ठीक आहे हे दिसल्याशिवाय वहिनींचं लिव्हर कापायचं नाही, असं ठरलेलं. गुठळीसाठी दोन बेत होते. शीर मोज्यासारखी उलटवत आतली गुठळी सोलून काढायची. ते जमलं नाही, तर खालच्या आतड्यांच्या शिरेपासून दुसऱ्या शिरेचा तुकडा लावून नवी वाट आणायची. ओंकार जिन्याच्या पायरीवर बसून होता. कोऑर्डिनेटर मॅडम मधून मधून बाहेर यायच्या. दुपार झाली तरी निरोप तोच, ‘‘अजून लिव्हर सोडवतायत.’’ मला आता त्याचा अर्थ कळत होता, आणि न कळता बसणं बरं होतं असंही वाटून गेलं.

रात्री उशिरा सर्जन टोपी हातात घेऊन आले. वहिनी शुद्धीवर होत्या, दादा आयसीयूत. ‘‘गुठळीची भीती होती, ती अखंड निघून आली,’’ ते म्हणाले. ‘‘व्रणाखालचं काम ठरवलं होतं त्याच्या दुप्पट निघालं. मोठं आतडं लिव्हरला भिंतीसारखं चिकटलं होतं.’’ धमनीचा जोड एकदा उघडून पुन्हा घातला होता, कारण पहिल्यांदा डॉपलरवर प्रवाह मनासारखा दिसला नाही. सीटीवर सर्वांत ठळक दिसलेली गोष्ट सोपी गेली होती आणि बोटांना लागलेली गोष्ट जड.

शेजारच्या मुलाचं ऑपरेशन आमच्या आधीच झालं होतं. दादापेक्षा निम्म्या वेळात आणि निम्म्याहून कमी रक्तात. पण जागं व्हायला त्याला फार दिवस लागले, मूत्रपिंडं रुसली, डायलिसिस लागलं. दादा त्याच्या कितीतरी आधी आयसीयूतून बाहेर आला. मेल्ड ३४ म्हणजे काय, ते त्याच्या आईने ऑपरेशननंतर भोगलं. मेल्ड १९ मध्ये काय नव्हतं, ते आम्ही ऑपरेशनच्या दिवशी.

घरी आल्यावर दादाच्या डॉपलरच्या तारखा मी कॅलेंडरवर लिहिल्या, कारण एकदा गुठळी झालेल्या शिरेवर नजर ठेवावी लागते. वहिनींच्या पोटावर बरगडीखाली नवा व्रण आहे, लालसर, खाज येणारा. परवा त्याला खोबरेल लावता लावता त्यांनी विचारलं, ‘‘वन्सं, पुढं कधी माझ्या पोटाचं काही ऑपरेशन निघालं, तर ते अवघड जाईल का हो?’’ मी म्हटलं, ‘‘थोडं जास्त वेळखाऊ होईल. जे डॉक्टर असतील त्यांना आधी हा व्रण दाखवायचा आणि लिव्हर दिलंय म्हणून सांगायचं.’’ मग त्यांची वेगळी फाइल केली. पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख, ‘उजवा भाग दिला’ आणि पित्तनळ्यांची रचना, एवढं लिहून ती दादाच्या फाइलशेजारी कपाटात ठेवली. जागा ओंकारलाही दाखवली आहे.